‘डिन्यूड’, ‘नागविणें’ आणि मावळचे डोंगर

इंग्रजी भाषेंत ‘डिन्यूड’ असें एक क्रियापद आहे. वस्तूवरील आच्छादन निःशेष काढून घेऊन ती उघडी करणें, हा त्याचा अर्थ. बोलण्यांत तें क्वचितच येतें; परंतु जंगलखात्याचीं टिपणें, भूस्तरशास्त्राचे ग्रंथ व महसुली लिखाण यांत त्याचा आढळ पुष्कळ आहे, आणि घाटमाथ्याच्या मुलखासंबंधींचे एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी कागद ज्यांच्या हातांखालून जातात त्यांना तें अपरिचित नसावें. या क्रियापदाच्या मुळाचा शोध घेतां घेतां आम्ही शेवटीं मोडी कागदांतील एका वेलांटीपाशीं येऊन पोहोंचलों. ती वेलांटी कागदसंग्राहकांच्या उपयोगाची आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

मूळ प्रसंग अगदींच साधा. मावळांतील एका शाळेंत आम्ही इंग्रजी व संस्कृत शिकवीत होतों. एके दिवशीं भाषांतराच्या उताऱ्यांत ‘डिन्यूडेड हिल्स’ हे शब्द आले. कोशांत पाहून लिहिणाऱ्या मुलांनीं ‘उघडे डोंगर’, ‘ओसाड डोंगर’ असें लिहिलें. पवन मावळांतील एका शेतकऱ्याच्या मुलानें ‘नागविलेले डोंगर’ असें लिहिलें. वर्ग हंसला, आम्हींहि हंसलों, आणि तांबड्या शाईनें तो शब्द खोडून ‘उजाड’ असें वर लिहिलें. मुलगा भिडस्त होता, तरी त्यानें एवढें विचारलेंच कीं, “गुरुजी, उजाड तर आपोआपहि होतें, हें कोणीतरी केलेलें आहे ना?” त्या वेळीं आम्हीं त्यास गप्प बसविलें. पुढें कित्येक वर्षांनीं, सेवानिवृत्तीनंतर व्युत्पत्तीच्या नादीं लागल्यावर, आपण खोडलेला शब्द अर्थानें तर बरोबर होताच, पण कुळानेंहि ‘डिन्यूड’चा सख्खा भाऊबंद होता, हें ध्यानांत आलें. तेव्हां प्रस्तुत लेख हा एका परीनें त्या तांबड्या शाईचें परिमार्जन आहे.

प्रथम इंग्रजी शब्दाकडे वळूं. ‘डिन्यूड’ हा लॅटिन ‘देनूदारे’ या क्रियापदापासून आला. त्यांत ‘दे’ हा उपसर्ग आणि ‘नूदारे’ म्हणजे उघडें करणें; हें ‘नूदारे’ पुनः ‘नूदुस्’ म्हणजे नग्न या विशेषणापासून झालेलें. येथें विद्यार्थ्यांस हमखास एक शंका येते. इंग्रजींत ‘डी’ हा उपसर्ग पुष्कळदां उलट क्रिया दाखवितो. मग ‘डिन्यूड’ म्हणजे नग्नास वस्त्र नेसविणें असें कां होऊं नये? उत्तर असें कीं, लॅटिन ‘दे’ हा येथें विपर्यासार्थी नसून निःशेषार्थी आहे. आपल्या ‘निर्’ उपसर्गाचीहि अशींच दोन तोंडें आहेत: ‘निर्जन’ यांत अभाव, तर ‘निर्णय’ यांत पूर्णता. एकाच उपसर्गाच्या अंगीं असे दोन स्वभाव असणें हें आपणांस नवीन नाहीं.

लॅटिन ‘नूदुस्’ आणि संस्कृत ‘नग्न’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज होत, याविषयीं तौलनिक भाषाशास्त्रांत मतभेद राहिलेला नाहीं. इंग्रजी ‘नेकेड’, जर्मन ‘नाक्त’, रशियन ‘नागोय’ व लिथुआनियन ‘नुओगास्’ हीं त्याच घरचीं माणसें. अवेस्तेंत मात्र ‘मघ्न’ असें रूप आढळतें. तेथें आरंभींचा नकार जाऊन मकार आला. ग्रीक ‘गुम्नोस्’ हा शब्दहि वर्णांची उलटापालट होऊन त्याच मुळापासून निघाला असें मानितात. आणि तालीमखान्यास पाश्चात्य लोक ‘जिम्नॅशियम’ म्हणतात तें या ‘गुम्नोस्’वरून, कारण ग्रीक मल्ल विवस्त्र होऊन व्यायाम करीत. इतर साधे शब्द जेथें सरळ नियमानें चालतात तेथें याच एका शब्दाची इतक्या भाषांत इतकी मोडतोड कां व्हावी? हा शब्द उघड उच्चारण्याचा संकोच वाटून लोकांनीं तो मुद्दाम वांकडा केला, असें कांहीं पंडित सुचवितात. आपल्या वैयाकरणांची गंमत याहून निराळी. ‘नग्न’ शब्दास धातु मिळेना, तेव्हां लाजणें या अर्थाच्या ‘लज्’ धातूचा ‘नज्’ असा पाठभेद धातुपाठाच्या परंपरेंत आला आणि त्यापासून ‘नग्न’ सिद्ध करण्यांत आला. ऐतिहासिक दृष्ट्या ही व्युत्पत्ति टिकत नाहीं. परंतु दोन्ही उपपत्तींच्या मुळाशीं लाजच आहे, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो.

संस्कृतांत ‘नग्न’ शब्द केवळ देहापुरता राहिला नाहीं. विष्णुपुराणाच्या तिसऱ्या अंशांत मैत्रेय पराशरांस नग्न कोणाला म्हणावें असा प्रश्न करितो, आणि ऋक्, यजुस् व साम ही त्रयी वर्णांचें आवरण असून तें जो टाकितो तो नग्न, असें उत्तर त्यास मिळतें. त्या उत्तरामागील मताशीं येथें कर्तव्य नाहीं. आमच्या कामाचें एवढेंच कीं, ‘आवरण गेलेला’ हा लाक्षणिक अर्थ या शब्दास फार पूर्वीं लागला होता, आणि पुराणांतील नग्नानें आवरण स्वतः टाकिलें आहे, दुसऱ्यानें हिसकावलेलें नाहीं. मराठींत नेमकी उलट दिशा दिसते.

‘नग्न’चें प्राकृतांत ‘णग्ग’ झालें. ‘अग्नि’ शब्दाचा ‘अग्गि’ होऊन मराठींत ‘आग’ उरली, ‘लग्न’ याचा ‘लग्ग’ होऊन ‘लागणें’ निघालें, त्याच चालीनें ‘णग्ग’चा ‘नाग’ झाला व त्यास प्रत्यय लागून ‘नागवा’ आणि ‘नागडा’ हे शब्द तयार झाले. हिंदींत मात्र अनुनासिक शिरून ‘नंगा’ झाला. येथें एक इशारा देऊन ठेवितों. लोणावळें–खंडाळ्याजवळच्या ज्या सुळक्यास साहेबलोक ‘ड्यूक्स नोज’ म्हणत त्याचें ‘नागफणी’ हें आपलें नांव या कुळांतलें नव्हे. तो उघडा खडक असला तरी तेथील नाग हा सर्पच होय. नांवांच्या व्युत्पत्ति लाविणाऱ्या मंडळींचा उत्साह आम्हांस ठाऊक असल्यामुळें हें सांगितलें.

‘नागवा’पासून मराठीनें दोन क्रियापदें केलीं. एक अकर्मक ‘नागवणें’, म्हणजे सर्वस्व जाऊन उघडें पडणें, बुडणें. आणि दुसरें सकर्मक ‘नागविणें’, म्हणजे दुसऱ्यास तशा दशेला आणणें. निजणें–निजविणें, भिजणें–भिजविणें अशी जी जोडी तशीच ही जोडी. ‘नागवण’ हें भाववाचक नामहि हानि, बूड या अर्थानें रूढ आहे. आजच्या लिखाणांत सकर्मक रूपहि ‘नागवणे’ असेंच लिहितात आणि दोहोंमधील भेद जवळजवळ पुसला गेला आहे. परंतु जुन्या भाषेंत तो जिवंत होता. ‘सावकारीपायीं कुणबी नागवला’ या वाक्यांत कुणब्याची दशा सांगितली आहे; ‘सावकारानें कुणबी नागविला’ यांत आरोपी उभा केला आहे.

कर्माच्या बाबतींतहि हें क्रियापद मोठें कांटेकोर आहे. ‘लुटणें’ याचें कर्म गांव, माणूस, पेंठ, दागिने, दाणागोटा यांपैकीं कांहींहि होऊं शकतें. ‘नागविणें’ याचें कर्म मात्र ज्याचें गेलें तोच. जें गेलें तें कधींहि नव्हे. ‘चोरांनीं वाटसरूस नागविलें’ असें आपण म्हणतों, ‘चोरांनीं अंगठी नागविली’ असें कोणी म्हणत नाहीं. लॅटिन ‘देनूदारे’ची रचना हीच, व इंग्रजी ‘डिन्यूड’चीहि हीच: डोंगर ‘डिन्यूड’ होतो, झाडें होत नाहींत. म्हणजे या क्रियापदाची नजर नेलेल्या मालाकडे नसून मागें उरलेल्या उघड्या अंगाकडे असते. ज्या कागदांत हें क्रियापद येतें तो कागद बहुधा फिर्यादीच्या बाजूनें बोलत असतो, हें वाचकानें लक्षांत ठेवावें.

वस्त्र काढणें आणि लुटणें या दोन कल्पनांची ही सांगड केवळ मराठींतच आहे असें मात्र नाहीं. इंग्रजी ‘स्ट्रिप’ याचा प्राचीन इंग्रजींतील पूर्वज लुटणें याच अर्थाचा आहे; वस्त्रें उतरविणें हा त्याचा आजचा ठळक अर्थ. ‘रॉब’ म्हणजे लुटणें आणि ‘रोब’ म्हणजे झगा हे दोन शब्द मुळांत एकच: जुन्या फ्रेंच भाषेंत ‘रोब’ म्हणजे लूट, आणि लुटींतला मुख्य ऐवज अंगावरचीं वस्त्रें असल्यामुळें पुढें तोच शब्द वस्त्रासहि लागला. ‘स्पॉइल’ याचें मूळ लॅटिन ‘स्पोलियुम्’, म्हणजे जनावराची सोललेली कातडी. मग रणांत पडलेल्या शत्रूच्या अंगावरून काढलेलें चिलखत. मग सर्व प्रकारची लूट. आपणहि ‘सावकारानें सोलून काढला’ असें म्हणतोंच.

‘लूट’ या आपल्या शब्दानें तर इंग्रजींत कायमचें घर केलें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत कंपनीच्या लोकांच्या तोंडीं तो बसला व पुढें विलायतेस गेला. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत (१८८६) त्याचें मूळ ‘लोत्र’, म्हणजे ‘लोप्त्र’, धातु ‘लुप्’ असें दिलें आहे. १९०३ च्या आवृत्तींत क्रुक यांनीं ‘लुण्ट्’ धातु अधिक योग्य अशी दुरुस्ती केली. यूल यांचें म्हणणें खरें मानिलें तर एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. कारण ‘रॉब’ या जर्मानिक शब्दाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ संस्कृत ‘रुप्–लुप्’ या धातूंशींच जोडितात, आणि मग ‘रॉब’ व ‘लूट’ या दोन बहिणी हजारों वर्षांनीं इंग्रजीच्या घरीं पुनः भेटल्या असें होईल. गोष्ट गोड आहे म्हणून ती खरी धरावी असें मात्र नाहीं. ‘लोप्त्र’पासून ‘लूट’मधील टकार व ऊकार सहज निघत नाहींत, म्हणून आमचा कल क्रुक यांच्याकडे आहे, तथापि ‘कांटा’, ‘वांटा’ यांत टिकलेला अनुस्वार ‘लुटणें’ यांत कां गळला, ही अडचण त्या पक्षालाहि आहेच.

आतां कागदांकडे येऊं. मोडी लिपींत शब्द तोडून लिहीत नाहींत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहींत, हें संग्राहकांस सांगावयास नको. ‘नागवला’ आणि ‘नागविला’ यांत अंतर फक्त एका वेलांटीचें. आणि लेखकूच्या धांवत्या हातांत ती वेलांटी वरच्या ओळीच्या शेपटांत मिसळते किंवा शिरोरेघेंत बुडते. शिवाय काना किंचित् पुढें ओढला गेला तर ‘नागवला’ आणि ‘नागांवला’ हीं एकसारखीं दिसूं लागतात. आमच्याच हातून झालेली चूक सांगतों. एका मावळी घराण्याच्या रुमालांतील कागद उतरवून घेतांना आम्हीं ‘गांव नागवला’ असें वाचलें, आणि आपल्या पदरचें शहाणपण म्हणून समासांत ‘अवर्षणामुळें?’ असें टिपूनहि ठेविलें. वर्षभरानें तोच कागद तिरप्या उजेडांत भिंगाखालीं धरिला तेव्हां वेलांटी स्पष्ट दिसली, आणि पुढचीं दोन अक्षरें, जीं आम्हीं दुसऱ्या वाक्याचीं धरिलीं होतीं, तीं कर्त्याच्या नांवाचा अवशेष ठरलीं. अवर्षणाचा त्या कागदाशीं कांहींएक संबंध नव्हता. एका वेलांटीनें दैवाचा घाला जाऊन माणसाचा घाला आला. नक्कल आमच्याजवळच होती म्हणून बरें. ती छापली गेली असती तर पुढच्या अभ्यासकानें त्या सालीं मावळांत दुष्काळ पडल्याचा पुरावा म्हणून ती पुढें केली असती.

लुटणें, नागविणें आणि जाळणें या तीन क्रियांचा भेदहि कागद वाचतांना राखावयास हवा. इ. स. १७७९ च्या जानेवारींतील प्रसंग याचें चांगलें उदाहरण आहे. मुंबईकर इंग्रजांची फौज राघोबादादास घेऊन बोरघाट चढून आली. ४ जानेवारीस कार्ल्यापाशीं कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फांकडा’, तोफेच्या गोळ्यानें पडला. ९ तारखेस फौज तळेगांवास पोहोंचली तों तेथें दाणावैरण तर नाहींच, पण गांवहि जाळून बेचिराख केलेला. पुढें चिंचवड व खुद्द पुणें जाळण्याचीहि तयारी मराठ्यांनीं ठेविली होती. ११ तारखेच्या रात्रीं जड तोफा तळ्यांत टाकून फौज मागें फिरली, वडगांवीं वेढली गेली आणि तेथें तिला तह करावा लागला. या साऱ्यांत तळेगांवकरांचें सर्वस्व गेलें. परंतु शत्रूनें त्यांना नागविलें असें म्हणतां येणार नाहीं, आणि लुटलें असेंहि नाहीं, कारण लुटींत कोणाच्या तरी पदरांत कांहीं पडतें. त्यांचा गांव आपल्याच सरकारच्या धोरणासाठीं जळाला. ‘बेचिराख’ हा शब्द त्या दशेस चपखल आहे: चिराग म्हणजे दिवा, तो जेथें उरला नाहीं तें गांव. फारसी ‘ताराज’ हा त्याच्या शेजारचा, पण अर्थानें लुटीचा. छापील कागदांच्या उपोद्घातांत हे सगळे शब्द ‘उद्ध्वस्त’ या एकाच शब्दाच्या पोटांत घालण्याची खोड दिसते, ती सोडावी.

इंग्रजांचें या जातीचें आणखी एक क्रियापद मावळांत दगडावर कोरल्यासारखें राहिलें आहे. ‘डिसमँटल’ म्हणजे किल्ल्याची तटबंदी मोडणें. तें जुन्या फ्रेंचांतून आलें. त्यांत ‘मँटल’ म्हणजे अंगावरचा झगा अथवा शाल, आणि येथला ‘डिस’ मात्र खरोखरच उलट क्रियेचा. किल्ल्याचा तट ही त्याची शाल. ती ओढून घेणें म्हणजे ‘डिसमँटल’ करणें. ४ मार्च १८१८ रोजीं कर्नल प्रॉथर याच्या फौजेनें विसापूर घेतला आणि लगेच दुसऱ्या दिवशीं लोहगडहि हातचा गेला. विसापूर लोहगडाहून उंच, व त्यावरून लोहगडावर तोफांचा मारा करितां येतो, यामुळें एक पडल्यावर दुसरा टिकणें शक्य नव्हतें. त्यानंतर विसापुराचे दरवाजे सुरुंगानें उडविण्यांत आले. आज लोहगडास गेलें असतां गणेश, नारायण, हनुमान व महादरवाजा असे चारहि दरवाजे क्रमानें लागतात व चढणारास आपण किल्ल्यांत शिरत आहों असें वाटतें. विसापुरास मात्र दगडांच्या घळींतून केव्हां वर आलों हेंच समजत नाहीं. तट मैलमैल शाबूत, आणि प्रवेशाची जागा उघडी. शाल ओढली म्हणजे काय होतें तें ज्यांस पाहावयाचें असेल त्यांनीं हे दोन किल्ले एकाच दिवशीं पाहावे. भाजें गांवावरून दोन्ही साधतात.

या उलट, नागविलें जाऊं नये म्हणून केलेली तजवीज मावळच्या प्राचीन लेखांत सांपडते. कार्ल्याच्या लेखांत जें मामाल किंवा मामाड असें प्रदेशनाम येतें तेंच आजचें मावळ, असें विद्वानांनीं ठरविलें आहे. तेथील वलूरक लेण्यांतील भिक्षुसंघास नहपानाचा जांवई उषवदात यानें करजिक गांव दिला, आणि सातवाहनांचा अंमल आल्यावर त्यांनींहि आपल्या अमात्यास आज्ञा पाठवून संघाचें दान चालविलें. सातवाहनांच्या कार्लें व नाशिक येथील अशा दानलेखांत देणगीच्या गांवास कांहीं परिहार, म्हणजे माफी, दिलेल्या असतात. ‘अपावेस’, राजपुरुषांनीं आंत शिरूं नये; ‘अनोमस’, कशास हात लावूं नये; ‘अलोणखादक’, मिठासाठीं जमीन खणूं नये. माफीचा कागद हा उलट बाजूनें वाचावयाचा असतो. ज्या गोष्टीची मनाई करावी लागते ती इतर गांवांत नित्य चालत असली पाहिजे. तेव्हां ‘अनोमस’ या एका शब्दावरून, ज्या गांवास असा लेख मिळाला नाहीं तेथें राजपुरुषाचा हात कोठवर पोहोंचत होता, याची कल्पना येते. ‘अलोणखादक’ यांतील ‘लोण’ पाहून कोणी लोणावळ्याकडे धांव घेईल, म्हणून सांगतों कीं तसा संबंध आम्हांस दिसत नाहीं; त्या नांवाचा संबंध लेण्यांच्या ओळीशीं जोडण्याची चाल अधिक सयुक्तिक आहे.

कार्ल्याच्या चैत्यगृहांत छताला ज्या लाकडी फांसळ्या आहेत त्या मूळच्याच, दोन हजार वर्षांच्या आंतबाहेरच्या आहेत. त्या पाहून बाहेर ओट्यावर यावें आणि समोरच्या डोंगरांकडे नजर टाकावी. ज्या क्रियापदापासून आम्ही निघालों तें येथें पुनः भेटतें.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जंगलखात्याचे अधिकारी सह्याद्रीच्या उतारांविषयीं लिहूं लागले तेव्हां डोंगर ‘डिन्यूड’ झाले, अशी त्यांची तक्रार होती. कर्मणि प्रयोग इंग्रजीस प्रिय; कर्ता सांगितला नाहीं तरी वाक्य पुरें होतें. पण पुढच्या-मागच्या वाक्यांत कर्ता सुचविलेला असे, व तो बहुधा राब करणारा कुणबी असे. राब म्हणजे काय तें घाटावरच्या वाचकांसाठीं सांगतों. भाताचें रोप तयार करण्याच्या वाफ्यावर शेण, झाडांचा टहाळ, पालापाचोळा व गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि उन्हाळ्याच्या अखेरीस तें वाऱ्याच्या उलट दिशेनें पेटवून सावकाश जळूं देतात. जमीन भाजून निघते, तणाचें बीं मरतें आणि राखेचें खत मिळतें. आंबेमोहोराचें पीक ज्या मुलखांत घ्यावयाचें त्या मुलखांत राबावांचून रोप नीट येत नाहीं, अशी कुणब्याची पक्की श्रद्धा. या टहाळासाठीं ऐनासारखीं झाडें दरसाल छाटलीं जात, हें खरें आहे, आणि दरसाल छाटलेलें झाड खुंटासारखें दिसतें हेंहि खरें.

परंतु झाड छाटणारा झाड मारीत नाहीं. पुढच्या वर्षींचा टहाळ त्यालाच हवा असतो. ज्यानें झाड बुंध्यांतून तोडिलें तो कोण, हा प्रश्न त्या लिखाणांत मागें राही. बोरघाटाचा लोहमार्ग १८५६ पासून १८६३ पर्यंत बांधला गेला. २५ बोगदे खोदले गेले. कामाच्या भरांत चाळीस हजारांहून अधिक मजूर खंडाळ्याच्या आसपास राहिले. इतक्या चुली पावसाळ्या-हिवाळ्यांत कशावर पेटल्या, व बोगद्यांचे व पुलांचे लांकडी आधार कोठून आले, हें विचारण्याइतकें तरी डोंगराच्या वतीनें बोलणाऱ्यानें बोलावयास हवें. १८७८ चा जंगलचा कायदा झाला, राखीव जंगलें आंखलीं गेलीं, आणि राबाच्या टहाळावर निर्बंध आले. तेव्हां घाटाखालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत इतका गवगवा झाला कीं मुंबई सरकारास १८८५ सालीं जंगलकमिशन नेमावें लागलें व त्याचा अहवाल १८८७ त बाहेर पडला. एकीकडे सरकार म्हणे, रयतेनें डोंगर ‘डिन्यूड’ केले. दुसरीकडे रयत म्हणे, जंगलखात्यानें आम्हांस नागविलें. दोन्ही पक्ष एकच शब्द वापरीत होते, आणि तो एकच आहे हें दोघांसहि ठाऊक नव्हतें.

आमचें मत विचाराल तर दोष एकट्या कुणब्याच्या माथीं मारतां येत नाहीं, आणि तो सर्वस्वी निर्दोष होता असेंहि म्हणवत नाहीं. लोणावळ्यास वर्षाकांठीं ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा पावसाखालीं एकदां उतार उघडा पडला कीं माती थांबत नाहीं, मग तो कोणीं का उघडा केला असेना.

पुढें विसाव्या शतकांत जें झालें तें अधिक उघड आहे. १९११ सालीं लोणावळ्यास टाटांच्या जलविद्युत्-योजनेचा पाया घातला गेला. लोणावळें, वळवण व शिरोटा येथील तलावांचें पाणी खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईस वीज जाऊं लागली. पाठोपाठ मुळशीचें धरण आलें. तेथील मावळ्यांनीं जमिनीसाठीं १९२१ पासून १९२४ पर्यंत सत्याग्रह चालविला आणि सेनापति बापट यांनीं त्याचें नेतृत्व केलें. धरण झालें. येथें डोंगराचें आच्छादन गेलें असें नव्हे. उलट दरीस पाण्याचें आच्छादन मिळालें, आणि उघडीं पडलीं तीं माणसें. ‘डिन्यूड’ हें क्रियापद या प्रसंगास इंग्रजींत कोणी लाविणार नाहीं. ‘नागविणें’ मात्र लागूं पडतें. एकाच मुळाच्या दोन शब्दांतील अंतर येथें दिसतें: लॅटिन शाखा डोंगराकडे गेली, मराठी शाखा माणसापाशीं राहिली.

भूगोलाच्या परिभाषेंत ‘डिन्यूडेशन’ यास ‘अनाच्छादन’ असा प्रतिशब्द रूढ आहे. ऊन, पाऊस व वारा यांनीं बसाल्टाचे थर युगानुयुगें झिजत जातात त्या क्रियेस तो शोभतो, कारण तेथें कोणावर फिर्याद करावयाची नसते. पण हाच शब्द जंगलतोडीच्या जुन्या इंग्रजी कागदांचे अनुवाद करितांना वापरलेला आम्हीं पाहिला आहे. ‘अनाच्छादन’ म्हणजे आच्छादनाचा अभाव. तो कोणीं केला हें त्यांतून निघत नाहीं. तसेंच ‘उजाड’. अशा ठिकाणीं ‘नागविलेले’ असें लिहावयास संकोच वाटत असेल तर ‘उघडे पाडलेले’ असें लिहावें. त्यांत निदान पाडणारा आहे हें तरी राहतें.

कागद छापणारांस आमची विनंति एवढीच. ‘नागवणें’ व ‘नागविणें’ यांचीं रूपें आजच्या शुद्धलेखनाप्रमाणें एकसारखीं करूं नयेत. मूळांत वेलांटी असेल तर ती ठेवावी, नसेल तर घालूं नये, आणि जेथें ती असल्याचा संशय असेल तेथें चौकटी कंसांत ‘वि’ लिहून तळटीप द्यावी. आंदर, नाणें व पवन या तिन्ही मावळांतील देशमुख-पाटलांच्या रुमालांत हा शब्द पुष्कळदां यावा असा आमचा अदमास आहे. ज्या संग्राहकांजवळ असे कागद असतील त्यांनीं ते तिरप्या उजेडांत एकवार पुनः पाहावे, आणि पूर्वीं वाचलेला ‘नागवला’ कोठें ‘नागविला’ ठरला तर मजकुराच्या नकलेसह कळवावें. आमची स्वतःची चुकलेली नक्कल दुरुस्त करून आम्हीं कागदाच्या धन्याकडे परत पाठविली आहे.